आवाज फुटायच्या आत शूट उरका

शाळकरी पोराच्या पहिल्या प्रेमाचा पिक्चर कोल्हापुरात करायचा असेल, तर गोष्टीच्या आधी कॅलेंडर बघा. मे महिन्याच्या सुट्टीत निम्मं शूट, मग पाऊस, शाळा, आणि राहिलेलं दिवाळीत, असा बेत सगळेच करतात. तेवढ्यात हिरोचा आवाज फुटतो. तेरा-चौदाचं वय ते. मे महिन्यातला पोरगा आणि दिवाळीतला पोरगा एकाच सीनमध्ये आले की दोन भाऊ वाटतात. डबिंग करून आवाज झाकाल, पण मिसरूड कुठं झाकणार? वर हाफ चड्डी तीच, नि पाय लांबलेले. म्हणून संवाद आणि क्लोजअप आधी, सलग उरकायचे. रंकाळ्यावरची सायकल, पंचगंगेचा घाट असले लांबचे शॉट मागं राहिले तरी चालतं.

त्यात पोरगा चौदाच्या आतला असेल तर दिवसाला ५ तासच मिळतात, त्यातही सलग ३ तासांच्यावर नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानं आधी काढायची, आणि मानधनातले किमान २० टक्के मुलाच्या नावानं बँकेत ठेव म्हणून टाकायचे.

खरी गंमत वर्गात. मुलं एका बाजूला, मुली दुसऱ्या, मध्ये वाट. त्याचा क्लोज फळ्याकडून घेतला आणि जागा नाही म्हणून तिचा मागच्या भिंतीकडून घेतला, की पडद्यावर दोघंही एकाच दिशेला बघतात. नजरानजर होतच नाही, दोघांना तिसरंच कुणीतरी आवडतंय असं वाटतं. कॅमेरा एकाच बाजूला ठेवा, हवं तर बाक सरकवा. ती पुढच्या बाकावर असेल तर त्याला चेहरा दिसतच नाही. मग वेणीच दाखवा. दुमडून बांधलेली, लाल रिबिनीचं एक टोक सुटलेलं, दप्तराच्या पट्ट्यात अडकलेलं. ती मान वळवते तेव्हा ते टोक ताणतं. एवढ्यावर शॉट कापायचा. तिचं हसू पुढच्या सीनला ठेवा.

काळ १९७५ चा असेल तर त्या वर्षी जुनी अकरावीची मॅट्रिक आणि नवी दहावी दोन्ही एकदम होत्या, हे संवाद लिहिताना ध्यानात असू द्या. रस्त्यावर एखाद्या गाडीवर ‘एमएच ०९’ची आजची नंबरपाटी दिसली की खेळ खल्लास, तेव्हा ती नव्हतीच. म्हणून बाहेरचे सीन पहाटे, गल्लीत गाड्या लागायच्या आत.

आणि भाषा. ‘लगा’, ‘भावा’ प्रत्येक वाक्यात टाकलं की कोल्हापूर होत नाही. इथल्या पोरी ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. पुण्या-मुंबईची डबिंग आर्टिस्ट हमखास त्याचं ‘आले’, ‘जाते’ करते, आणि एडिटर ‘चूक सुधारली’ म्हणून तेच ठेवतो. स्क्रिप्टमध्ये त्या शब्दांखाली आधीच लाल रेघ मारून ठेवा.