दाविदच्या नेपोलियनची प्रत: गणवेशाचा टप्पा

मूळ चित्र फ्रेंच चित्रकार जाक-लुई दाविदचे, 1812 चे, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत, 203.9 × 125.1 सेंमी. प्रत 60 × 36.8 सेंमीची. मुळातल्या 17 सेंमीचे इथे 5 सेंमी होतात, म्हणून नकलेसाठी आखलेले 12 चौकोन उभ्यात नेमके बसतात. अंडरपेंटिंग (तैलरंगाचा खालचा पहिला थर) वाळले आहे.

कोट शाही रक्षकदलातल्या ग्रेनेडियरांच्या (निवडक पायदळ सैनिकांच्या) कर्नलचा: निळा, छातीला पांढरे लॅपल (कोटाची उलटी दुमडलेली पट्टी), कफ लाल. पण खरा अधिकार दाविदने गबाळेपणातून दाखवलाय. घड्याळात चार वाजून तेरा मिनिटे, मेणबत्ती संपत आलेली, कफ उघडे, मोज्यांना चुण्या. साहेब रात्रभर कारभार बघताहेत! मोजे गुळगुळीत रंगवले की सगळा मुद्दाच हातचा गेला; प्रती बहुधा इथेच फसतात. (नेपोलियन या चित्रासाठी बसलाच नव्हता, आणि ते मागवले होते एका स्कॉटिश उमरावाने.)

निळ्यासाठी बर्न्ट अंबरच्या (गडद तपकिरी रंगाच्या) ढिगात प्रशियन ब्लू वाटाण्याएवढाच घालायचा आणि लागेल तसा वाढवायचा. हा रंग फार जोरकस, एकदम ओतला तर बाकी सगळे गिळतो. वाळल्यावर गडद भागात निस्तेज डाग पडतात, कारण खालचा थर तेल शोषतो. त्यावर जवसाचे तेल बोटाने अगदी पातळ चोळून जास्तीचे कापडाने टिपून घ्यावे. तसे न करता त्या डागांवर रंग जुळवायला गेलात तर पुढची छटा हमखास चुकते.

पांढरे तीन आहेत: लॅपल, वेस्टकोट, विजार. तिन्हींत नुसता टिटॅनियम व्हाइट वापरला तर खडूसारखे दिसते. लॅपलला किंचित निळसर करडा, वेस्टकोटला कणभर यलो ऑकर (मातकट पिवळा), विजारीला रॉ अंबर (करडा तपकिरी). बंधक, म्हणजे रंगात मिसळायचे तेल, अक्रोडाचे. जवसाच्या तेलाने पांढरा लवकर पिवळा पडतो.

एपोलेटला (खांद्यावरच्या झालरीच्या पट्टीला) तयार सोनेरी रंग अजिबात नको. तो कोन बदलला की काळा पडतो आणि फोटोत तर मातकटच येतो. आधी रॉ अंबर आणि ऑकरचा एकसंध गडद आकार, तो ओला असतानाच मधली छटा, वाळल्यावर नेपल्स यलोत (फिकट पिवळ्यात) पांढरा मिसळून राउंड नंबर 1 च्या बारीक ब्रशने मोजके ठिपके, तेही प्रकाशाकडच्या खांद्यावरच. झालरीचा दोरा न् दोरा काढलात तर खांद्यावर मक्याच्या कणसाची शेंडी उगवते.

लिजन ऑफ ऑनर या फ्रेंच सन्मानाचे पदक या मापात इवलेसे होते. पाचही भुजा काढण्यापेक्षा पांढरा ठिपका, वर लाल फितीचा एक फटकारा. हातभर अंतरावरून ते पुरते. पदके चेहऱ्यानंतरच करावीत, नाहीतर तीच सर्वांत उजळ होऊन बसतात.

पुढच्या खेपेला चेहरा आणि विस्कटलेले केस.