माग बोलतोय म्हणे

पहिला पॅनिक अटॅक आला तो बँकेच्या लाईनीत. हातात स्लिप, पुढं दोन माणसं, आणि एकदम छातीत धडधड, बोटं बधिर, मला वाटलं झालं आता, गेलो. ईसीजी नॉर्मल. दोन महिन्यांत तीन ईसीजी काढले, तिन्ही नॉर्मल, घरचे म्हणायला लागले की तू उगीच टेन्शन घेतोस. मग एका डॉक्टरांनी सायकियाट्रिस्टकडं पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या, समुपदेशन सुरू झालं, आणि खरं सांगतो, झोप लागली ती गोळ्यांमुळंच. ते आधीच सांगतो, नाहीतर कुणीतरी गोळ्या सोडून नाटकाला पळायचं.

पण माणसांत जायची भीती काय गेली नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो मी, तिथं जेवणाच्या सुट्टीत पण खाली मान घालून शेंगाचटणी-भाकरी खायचो आणि उठायचो. समुपदेशक मॅडम म्हणाल्या की रविवारी एक ग्रुप जमतो, इम्प्रोव्ह करतात, जाऊन नुसतं बसा.

इम्प्रोव्ह म्हणजे स्क्रिप्ट नाही, पाठांतर नाही, समोरचा जे बोलेल ते खरं मानायचं आणि त्यात आपली भर घालायची. इंग्रजीत त्याला 'येस, अँड' म्हणतात, आमच्याकडं त्याचं 'हां, आन्' झालं. मला तर ती तमाशातली बतावणीच वाटली, सोंगाड्या तरी दुसरं काय करतो! हे खेळ व्हायोला स्पोलिन या बाईंनी शिकागोत बसवले, तिथं परदेशातून आलेल्या कुटुंबांची पोरं होती, भाषा वेगवेगळ्या, म्हणून बोलण्यापेक्षा खेळावर भर. आमच्यात पण मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी असा सगळा सोलापुरी चिवडा, त्यामुळं एकदम फिट बसलं.

तीन रविवार मी भिंतीला टेकून बसलो. चौथ्याला उठवलं. समोर मामा, आयुष्य चादरीच्या मागावर गेलेलं, घरी तेलुगू बोलतात. आले आणि म्हणाले, "ओ मालक, माग बोलायला लागलाय आज."

मी ब्लँक. तेच बँकेतलं सगळं, छाती, बोटं, कानात सूं आवाज. कुणी हसलं नाही, कुणी "बोल बोल" पण केलं नाही. मामा निवांत खाली बसले, हवेतल्या मागाला कान लावला आणि म्हणाले, "धागा तुटलाय म्हणतोय. थांबा म्हणतोय जरा." थांबलो. किती वेळ कोण जाणे. मग माझ्या तोंडातून आलं, "हां, आन् पगारवाढ पण मागतोय." सगळे खो खो हसले, मी पण. लोकांसमोर अडकलो आणि तरी काय वाईट झालं नाही, हे मॅडमनी मला दहादा सांगितलं होतं, पण पटलं ते त्या दिवशी.

सगळंच गोड नव्हतं. एकदा बाहेरून आलेल्या एका ट्रेनरनं एका मुलीला तिचं खरं दुःख करून दाखवायला सांगितलं, ती रडायला लागली ती थांबेचना, मला रागच आला. मॅडम म्हणाल्या, तो सायकोड्रामाचा, म्हणजे नाटकातून उपचार करण्याचा प्रांत, मोरेनो नावाच्या डॉक्टरनं सुरू केलेला, त्याला शिकलेला थेरपिस्ट लागतो. तेव्हापासून आमच्यात नियम झाला, खरी जखम खेळात आणायची नाही आणि नको वाटलं तर 'पास' म्हणायचं, कारण विचारायचं नाही.

आता डॉक्टरांनीच एक गोळी अर्धी केलीय. बँकेत अजून घाम फुटतो, पण लाईन सोडून पळत नाही.

परवा पोरं म्हणाली शो करू, हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात. म्हटलं भाडं कोण भरणार बे, आणि मी फक्त दारात तिकिटं फाडणार.

मामा लगेच, "हां, आन् शेवटचं तिकीट फाडलं की स्टेजवर या."

मी 'पास' म्हणालो. सध्या तरी.