खालची कडी

मागच्या मार्चमधली गोष्ट. मी इंग्लंडमध्ये लॅम्बोर्नला एका जंप रेसिंगच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या शर्यतींच्या, यार्डात (तबेल्यात) काम करतो, माझ्याकडे चार घोडे. त्यातला एक कुमाईत, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, नऊ वर्षांचा, आणि दहा दिवसांवर त्याची सीझनमधली सगळ्यात मोठी रेस. संध्याकाळी दाणा घातला, पाय चाचपले, अंगावर रग चढवला, दाराची वरची कडी लावली आणि खालची, पायाने मारायची ती राहिली. वरची कडी तो ओठांनी सरकवतो हे मला पक्कं माहीत होतं, तरी राहिली.

रात्री साडेनऊला काँक्रीटवर टापा वाजल्या. पोटात गोळाच आला. बाहेर पळत आलो तर घोडा मोकळा, रग एका बाजूला लोंबतोय, आणि नजर गेटवर. मागे धावलो असतो तर त्याने गेटवरून उडी मारली असती, उडी मारायलाच तर शिकवलंय त्याला. म्हणून बादलीत दाणा खुळखुळवत, त्याच्याशी मराठीत बोलत हळूहळू गेलो आणि आयाळ धरली. तेवढ्यात दिसलं, पुढच्या उजव्या पायाला खरचटलंय.

आमचा हेड लॅड, म्हणजे तबेल्यातल्या कामगारांचा मुख्य, आयरिश, साठीचा माणूस. ओरडला नाही. पायावर गार पाण्याचा पाइप धरून बसलो आम्ही दोघं, मी रडायच्या बेतात, आणि तो म्हणाला, "मॅनिफेस्टो ऐकलायस का?" त्या घोड्याचं नाव ऐकलं होतं, बाकी काही नाही.

मग त्याने सांगितलं. 1888 चा, आयर्लंडमध्ये मीथ काउंटीत जन्मलेला, हाही कुमाईत. लिव्हरपूलजवळ एंट्री (Aintree) नावाच्या रेसकोर्सवर ग्रँड नॅशनल ही रेस होते, सात किलोमीटरच्या आसपास अंतर आणि तीस उड्या, ती तो आठ वेळा पळाला. 1895 ला चौथा, 1896 ला सुरुवातीलाच पडला, 1897 ला टेरी कॅव्हनाला पाठीवर घेऊन वीस लेंग्थने, म्हणजे वीस घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने, जिंकला. मग बुल्टील नावाच्या मालकाने त्याला 4,000 पाउंडांना घेतलं, त्या काळचे 4,000, आणि तो इंग्लंडमधल्या वेहिलला विली मूर या ट्रेनरच्या तबेल्यात आला. आणि 1898 ची नॅशनल तोंडावर आली असताना तिथल्या एका पोराकडून दार उघडं राहिलं. घोडा बाहेर पडला, गेटवरून उडी मारली आणि पायाच्या सांध्याला मार बसला. त्या वर्षी नॅशनल बर्फाच्या वादळात झाली, ड्रोहेडा नावाचा घोडा जिंकला, मॅनिफेस्टो घरीच.

मी विचारलं, पुढे?

पुढे 1899. हँडिकॅप रेस म्हणजे जितका चांगला घोडा तितकं जास्त वजन, त्याच्यावर 12 स्टोन 7 पाउंड, म्हणजे 79 किलोच्या वर. दहिवर गोठलं होतं म्हणून कॅनॉल टर्न नावाच्या वळणावर उडीपलीकडे गवत पसरलेलं, त्यावरच तो घसरला, पोट जवळजवळ जमिनीला टेकलं, पण जॉकी जॉर्ज विल्यमसन शांत बसून राहिला आणि घोड्याने स्वतःला सावरलं. आणि जिंकला! 1900 ला अजून वजन, 82 किलो, म्हणजे जिंकलेल्या अँबुश टू पेक्षा अकरा किलो जास्त, तरी तिसरा. 1902 ला तिसरा, 1903 ला तिसरा. 1904 ला सोळाव्या वर्षी पळाला आणि आठवा आला. सोळाव्या वर्षी! आमच्या यार्डात सोळा वर्षांचा घोडा कुरणात उन्हात उभा असतो.

हे सगळं ऐकताना मी त्या 1898 च्या पोराचाच विचार करत होतो. वर्षभराने तोच घोडा जिंकला तेव्हा त्याला काय वाटलं असेल.

रात्रभर दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो. सकाळी व्हेटने घोडा दुडका पळवून पाहिला, चाल सरळ, सूज नाही. रेसला गेला, पाचवा आला, चारही पायांवर धड परत आला. बाबा पुण्याच्या रेसकोर्सवर तीस वर्षं मोतद्दार होते, त्यांना फोन करून सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आत्ता लावलीयेस ना रे? जा, बघून ये आधी."

फोन चालू ठेवूनच गेलो. लावलेली होती.