याडी, आई, अम्मा आणि मदर

इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या परिषदेसाठी हैदराबादला जाऊन आले. नोंदणीचे दीड हजार पदरचे, ‘ऑन ड्यूटी’चं पत्र निघायच्या दिवशी दुपारी हातात. सोलापूरहून रात्रीची गाडी, पहाटे सिकंदराबाद. चारमिनार पाहिला नाही, आधीच सांगून टाकते.

साडेनऊचं उद्घाटन अकराला सुरू झालं. शाली, गुच्छ, स्मृतिचिन्हं, मग व्यासपीठावरच्या प्रत्येकाचे ‘दोन शब्द’. वर्गात शिक्षकाने कमी बोलावं, मुलांना बोलू द्यावं, हे एका पाहुण्यांनी आम्हाला पाऊण तास समजावून सांगितलं. त्याची भरपाई आमच्याकडून. पेपर वाचायला पंधरा मिनिटं मिळणार होती, त्यांची सहा झाली. महिनाभर रात्री जागून केलेल्या स्लाइड्स मी जेवणाच्या रांगेत उभ्या उभ्या खोडत होते. राग असा आलेला की गोंगुऱ्याची चटणी दोनदा वाढून घेतली. आपली अंबाडीच ती, पण तिखटाला हात सैल.

शेजारी नलगोंडा जिल्ह्यातले, देवरकोंड्याकडचे एक सर ताट घेऊन उभे. “व्हॉट इज युवर टॉपिक, मॅडम?” मी वाक्य मनात जुळवून मग बोलले, त्यांनीही तसंच. दोन इंग्रजीचे शिक्षक, दोघांचीही क्रियापदं जीव मुठीत धरून चाललेली. शेवटी तेच म्हणाले, “हिंदी में बोलें क्या मॅडम?” हुश्श झालं.

मी सांगितलं, माझी शाळा तांड्यावरची. पहिलीला ‘मदर म्हणजे आई’ असं शिकवते आणि पोरं नुसती बघत राहतात, कारण घरी आईला...

“याडी!” सर ताट सावरत ओरडलेच.

त्यांच्याकडेही लंबाडा, म्हणजे आपल्या बंजाऱ्यांचेच, तांडे. तेही ‘मदर अंटे अम्मा’ म्हणतात आणि तिथलीही पोरं तशीच बघत राहतात. बंजारा समाज आमच्याकडे विमुक्त जातींत, त्यांच्याकडे अनुसूचित जमातींत. पोरांची गोरमाटी बोली मात्र सीमा मानत नाही. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्यांच्याकडे २०२२ पासून सरकारी शाळांना इंग्रजी माध्यमच लागलं. म्हणजे त्या पोराला आधी अम्मा शिकायची, मग मदर. माझी पोरं तर दिवाळीनंतर आईबापामागे ऊसतोडीला जातात. परत येतात तेव्हा आईही विसरलेली आणि मदरही.

तेरा वर्षं शिकवतेय, तरी याडीपासून सुरुवात करावी हे मला गेल्या वर्षी सुचलं. तेही एका पोरीनं फळ्यापाशी येऊन, माझा पदर ओढून दुरुस्त केलं म्हणून. हे पेपरात लिहिलं नव्हतं. लाज वाटली होती.

पेपर वाचला. समोर सात माणसं, त्यातले दोघे मोबाइलमध्ये. सर पहिल्या रांगेत होते. घंटा वाजली तेव्हा मी चौथ्या स्लाइडवर होते.

संध्याकाळी कॅन्टीनबाहेर चहा घेता घेता आम्ही माझ्या वहीत चार रकाने आखले: गोरमाटी, मराठी, तेलुगू, इंग्रजी. पंचवीसेक शब्द झाले. ‘बाटी’पुढे मी लिहिलं भाकरी, सरांनी रोट्टे. इंग्रजीच्या रकान्यात मी ‘ब्रेड’ लिहायला घेतलं तर सर म्हणाले, “नको मॅडम, पोरं पाव समजतील.” तेवढ्यात त्यांची बस आली. तो रकाना अजून कोराच आहे.