क्लचच्या केबलमधून गेलेला करंट

मुंबईत हिंदमाताला पाणी भरले की पुढचे दोन-तीन आठवडे परळच्या आमच्या गॅरेजमध्ये वायरिंगच्या तक्रारींची रांग लागते. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आलेली एक जुनी, छोटी मोटार मात्र त्या रांगेतही निराळी निघाली. मालक निवृत्त शिक्षक होते. दुसऱ्या एका गॅरेजने त्यांची बॅटरी बदलली होती, मग चालत्या इंजिनावर वीज बनवून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही बदलला होता. तरीही गाडी सेल्फ घेताना कण्हत होती, रात्री हेडलाइट मंदावत होते आणि सिग्नलला उभे राहिले की इंजिन थरथरत होते. “मिस्त्री, आता तिसरं काय बदलायचं ते तुम्हीच सांगा,” असे ते म्हणाले, आणि निघता निघता, “क्लचही हल्ली फार जड झालाय,” अशी पुस्तीही त्यांनी जोडली. त्या पुस्तीकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही, हे कबूल केले पाहिजे.

इंजिन चालू करून, हेडलाइट आणि ब्लोअर सुरू ठेवून मी बॅटरीवर मल्टिमीटर लावला. जिथे साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत, तिथे 12.9 दिसले. एवढ्यावर अल्टरनेटरला दोषी ठरवणे सोपे असते, आणि आधीच्या कारागिराने बहुधा तेच केले असावे. परंतु मीटरची लाल तार अल्टरनेटरच्या बी टर्मिनलवर (जिथून वीज बाहेर पडते) आणि काळी थेट त्याच्या बॉडीवर टेकवली, तेव्हा आकडा 14.3 वर गेला. म्हणजे अल्टरनेटर चोख होता, वाटेत 1.4 व्होल्ट गळत होते. बी टर्मिनलपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत 0.1 आणि इंजिनच्या ब्लॉकपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत 1.3. हिशेब जुळला.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे त्याची अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे करंट परतण्याची वाट, गिअरबॉक्सपासून चासीपर्यंत जाणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीवर अवलंबून असते. मी गाडीखाली शिरलो. पट्टी जागेवर दिसत होती, पण बोल्टपाशी हिरवी बुरशी चढावी तशी ती गंजली होती, आणि बोटाने दाबताच तिचे धागे भुगा होऊन माझ्या चेहऱ्यावर पडले. चार-पाच धागे तेवढे शाबूत होते.

मग सेल्फचा करंट परत येत होता कुठून? पोऱ्याला चावी फिरवायला सांगितली आणि, त्या जड क्लचची तेव्हा आठवण होऊन, त्याच्या केबलवर हात ठेवला. ती गरम होत होती. सेल्फला लागणाऱ्या शंभराहून अधिक अँपिअरपैकी बराच भाग त्या बिचाऱ्या केबलच्या पोलादी तारेतून जात होता, आणि तिच्या आतले प्लास्टिकचे अस्तर वितळून तारेला चिकटले होते. सेन्सरची अर्थिंगही इंजिनवरच असल्याने त्यांची मापे चुकत होती. सिग्नलवरच्या थरथरीचे कारण तेच.

खात्रीसाठी जंपर केबलचे एक टोक ब्लॉकला आणि दुसरे बॅटरीच्या मायनसला लावले. बॅटरीवर 14.1 व्होल्ट आले आणि इंजिन शांत झाले. मग बोल्टाखालचा रंग आणि गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत घासून नवी पट्टी बसवली, वर पेट्रोलियम जेली लावली आणि क्लचची केबलही बदलली.

बिल पाहून सरांनी पट्टीची किंमत दोनदा विचारली. जुन्या अल्टरनेटरचे काय झाले, असे मी विचारले, तर नव्यावर सूट मिळावी म्हणून तो तिथेच बदल्यात दिला होता.