मोजणारी माणसं

नोटा मोजायचं यंत्र आमच्या शाखेत आलं तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि मी मात्र थोडा खट्टू झालो. कॅशच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाची एक ऐट असते. ओल्या स्पंजावर अंगठा टेकवायचा, गड्डी डाव्या हातात धरायची आणि फर्रर्र करत मोजत सुटायचं. ओठ हलता कामा नयेत. शेजारच्या टेबलावर भांडण लागलं तरी मान वर होता कामा नये. झाली, तर पुन्हा एकपासून. मोजणाऱ्याचं मन त्या वेळी झोपलेलं नसतं आणि विचारही करत नसतं. ते कुठं असतं हे आजतागायत मला सांगता आलेलं नाही.

पण या कामाला किंमत नाही. ‘त्यात काय, नुसतं मोजायचं तर आहे!’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की, अणूच्या पोटात काय दडलंय हे माणसाला कळलं ते अशाच ‘नुसत्या मोजण्या’तून, हे निवृत्तीनंतर वाचनात आलं तेव्हा मला घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला. पुस्तकांत फोटो असतो तो अणूचं पोट उलगडणाऱ्या शास्त्रज्ञ रदरफर्डचा. भरघोस मिशा, धिप्पाड अंग, नजरेत जरब. माझा जीव मात्र त्याच्या प्रयोगशाळेतल्या दोन मोजणाऱ्यांवर जडला.

तसे अणू मानणारे फार जुने. आपल्याकडे कणाद, ग्रीसमध्ये डेमॉक्रिटस. दोघांनाही नमस्कार. पण त्यांच्या हातात तराजू नव्हता. तो होता मँचेस्टरच्या जॉन डाल्टनकडे. कोणतं मूलद्रव्य कोणाशी कोणत्या प्रमाणात संयोग पावतं याची वजनं मांडून १८०८ साली त्यानं आपला अणुसिद्धान्त पुस्तकरूपानं छापला आणि लोकांना अणू दाखवायला चक्क लाकडी गोळे वापरले. अणू म्हणजे अशी घट्ट, टणक गोटी, हे त्यानंतर बराच काळ लोकांच्या डोक्यात बसलं.

या गोटीला पहिला तडा गेला १८९७ साली, केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत. जे. जे. थॉमसन यांनी काचेच्या निर्वात नळीतले कॅथोड किरण विजेनं आणि चुंबकानं वाकवून पाहिले आणि सांगितलं, की हे किरण म्हणजे कण आहेत आणि सगळ्यात हलक्या अणूपेक्षाही ते हजारपटीहून हलके आहेत. हाच इलेक्ट्रॉन. गंमत अशी, की थॉमसनसाहेब हातानं भलतेच अडाणी होते. नळ्या फुंकून द्यायचा एबेनेझर एव्हरेट नावाचा मदतनीस, आणि साहेबांनी उपकरणांना शक्यतो हात लावू नये अशीच सोबतच्या मंडळींची इच्छा असे. इलेक्ट्रॉन ऋणप्रभारी, आणि अणू तर एकंदरीत प्रभाररहित. तेव्हा उरलेला धनप्रभार अणूभर पसरलेला असणार आणि त्यात हे इलेक्ट्रॉन रुतून बसलेले असणार, असं चित्र थॉमसननी मांडलं. विलायतेत त्याला मनुका घातलेल्या पुडिंगचं नाव पडलं. आपले मास्तर फळ्यावर कलिंगड काढतात.

अर्नेस्ट रदरफर्ड याच थॉमसनांचा विद्यार्थी. जन्म न्यूझीलंडचा, घरी शेती. १९०७ मध्ये तो मँचेस्टरला प्राध्यापक म्हणून आला आणि पुढच्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचं. मूलद्रव्यांची अनेक रूपांतरं मी पाहिली, पण एका क्षणात भौतिकीवाल्याचा रसायनवाला झालेला पाहिला तो मीच, असं तो स्वतःच हसत सांगायचा. काम मनासारखं चाललं असलं की बेसूर आवाजात प्रार्थनागीत म्हणत प्रयोगशाळेतून फिरायचा. पुढं केंब्रिजला गेल्यावर त्याच्या आवाजानं नाजूक उपकरणं बिघडू नयेत म्हणून तिथं ‘कृपया हळू बोला’ अशी पाटी टांगावी लागली होती.

रेडियमसारख्या पदार्थांतून बाहेर पडणारे अल्फा कण हे त्याचं लाडकं हत्यार. सेकंदाला पंधरा-वीस हजार किलोमीटर वेगानं ते सुटतात. डोळ्याला काही ते दिसत नाहीत. पण झिंक सल्फाइडचा लेप दिलेल्या पडद्यावर एक कण आपटला की एक बारीकशी ठिणगी चमकते. पडद्याला सूक्ष्मदर्शक लावायचा, ठिणग्या मोजायच्या. किती ठिणग्या, तितके कण. हिशेब सरळ आहे, काम मात्र जीवघेणं.

कारण ती ठिणगी इतकी मंद असते, की खोलीत मिट्ट काळोख हवा. मोजणाऱ्यानं आधी अर्धा तास तसंच अंधारात बसायचं, डोळे सरावेपर्यंत. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. मिनिटाला नव्वदच्या वर ठिणग्या आल्या की मोजता येत नाहीत, आणि अगदीच तुरळक आल्या तर आत्ता दिसली ती खरीच होती की डोळ्यांना भास झाला, ही शंका सोडत नाही. त्यामुळं मोजायचं ते थोडा वेळ. मग डोळ्यांना विसावा. मग परत. मान अवघडते, डोळ्यांत पाणी येतं आणि चहासाठी दिवा लावायची सोय नाही, कारण लावला की पुन्हा अर्धा तास अंधाराचं देणं लागतं!

रदरफर्डला हे जमत नव्हतं, आणि त्यानं ते लपवलंही नाही. १९०८ साली एका मित्राला त्यानं लिहिलं, की मी दोन मिनिटांत शिव्या घालत उठलो, पण हा गायगर म्हणजे मोजण्यातला राक्षस आहे, रात्रभर मधूनमधून मोजत बसला तरी त्याचं चित्त ढळत नाही. हान्स गायगर, वय पंचविशीच्या आसपास, जर्मन. त्याच्याविषयी हे वाचलं आणि आमचा जुना हेड कॅशिअरच डोळ्यांपुढं आला. तीच ती थंड नजर. पण गायगर नुसता सोशिक नव्हता. रदरफर्डबरोबर त्यानं त्याच वर्षी अल्फा कण विजेच्या साहाय्यानं मोजणारं एक उपकरणही तयार केलं होतं. म्हणजे नोटा मोजायचं यंत्र त्यानं स्वतःच करायला घेतलं होतं, फक्त ते अजून काउंटरवर ठेवण्याजोगं झालेलं नव्हतं.

दुसरा अर्नेस्ट मार्सडेन. लँकेशायरचा पोरगा, विशी गाठत आलेला, अजून पदवीही हातात पडायची होती. १९०९ मध्ये गायगर त्याला किरणोत्साराच्या प्रयोगांचे धडे देत होता. याला काहीतरी स्वतंत्र काम द्यावं, असं गायगरनं सुचवलं तेव्हा रदरफर्ड म्हणाला, धातूच्या पातळ पत्र्यावरून एखादा अल्फा कण मोठ्या कोनातून वळतो का, बघू दे त्याला. काही निघेल अशी अपेक्षा फारशी कोणालाच नव्हती. नवख्याला हात बसावा म्हणून काम द्यावं, तसं दिलं.

मांडणी साधी होती. किरणोत्सारी नळी आणि पडदा यांच्यामध्ये शिशाची आडवी भिंत, म्हणजे कण थेट पडद्यावर जायला नको. समोर धातूचा पत्रा. त्यावरून उलटून आला तरच कण पडद्यावर दिसणार. पत्र्यांत सोनं होतं, प्लॅटिनम होतं, साधं ॲल्युमिनियमही होतं. सोन्याचा आग्रह पुढच्या प्रयोगांतही राहिला, कारण सोन्याइतका पातळ वर्ख दुसऱ्या कशाचा सहजी निघत नाही. त्यांनी वापरलेला एक वर्ख सेंटिमीटरच्या लाखाव्या भागाच्या चौपट जाड होता. एवढ्या जाडीत सोन्याचे दीडएक हजार अणू एकावर एक मावतात.

आणि ठिणग्या दिसल्या. आठवडाभरानं मार्सडेननं रदरफर्डला जिन्यात गाठून हे सांगितलं. प्लॅटिनमवर पडलेल्या सुमारे आठ हजार कणांमागं एक कण आल्या वाटेनं मागं फिरत होता. आता पुडिंगच्या हिशेबानं हे शक्यच नव्हतं. पसरलेल्या विरळ धनप्रभारात अशा सुसाट कणाला परत फिरवण्याचं बळ येणार कुठून?

टिश्यू पेपरवर पंधरा इंची तोफेचा गोळा डागावा आणि त्यानं उलट येऊन आपल्यालाच धडकावं, तसं हे होतं, असं रदरफर्डनं म्हटल्याचं सगळीकडं छापलेलं असतं. म्हटलं आहेच. पण बऱ्याच वर्षांनी, एका व्याख्यानात. उतारवयात सांगितलेल्या गोष्टीला थोडी कल्हई चढतेच. १९०९ साली कोणी टाळ्या पिटल्या नाहीत. दोघांनी छोटासा निबंध लिहिला, तो छापून आला, आणि आठ हजारांतला तो एक कण कोणत्याच हिशेबात बसेना. आमच्याकडं रोजच्या ताळेबंदात एक रुपयाचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत घरी जायला मिळत नसे. ‘एकच रुपया आहे ना, खिशातून घाला’ म्हणणारा मॅनेजर माझ्या मते धोक्याचा. रदरफर्ड तसला नव्हता. तो एक कण त्याला दीड वर्ष छळत राहिला. कणांच्या विखुरण्याचं गणित नीट कळावं म्हणून नोबेल मिळालेला हा माणूस होरेस लॅम्ब यांच्या संभाव्यतेच्या तासाला विद्यार्थ्यांमध्ये जाऊन बसला.

अखेर एक दिवस तो खुशीत गायगरच्या खोलीत आला आणि म्हणाला, अणू कसा दिसतो ते मला आता कळलं. ७ मार्च १९११ रोजी मँचेस्टरच्या साहित्य आणि तत्त्वज्ञान मंडळापुढं त्यानं ते मांडलं. हे तेच मंडळ, ज्याचं अध्यक्षपद कधीकाळी डाल्टननं भूषवलं होतं. आणि त्या दिवशीच्या सभेत रदरफर्डच्या आधी कोण बोललं असेल? फळांचा एक व्यापारी. जमैकाहून आलेल्या केळ्यांत त्याला एक दुर्मीळ साप सापडला होता, त्याची हकीकत सांगायला. आधी साप, मग अणू! मला हा क्रम फार आवडतो. श्रोत्यांपैकी काही जण त्या रात्री घरी जाऊन सापाचीच गोष्ट सांगत बसले असतील, अशी मला दाट शंका आहे.

रदरफर्डचं म्हणणं होतं, की अणूचा एका जातीचा सगळा प्रभार आणि जवळपास सगळं वस्तुमान मध्यभागी एका अतिसूक्ष्म जागेत एकवटलेलं आहे. बाकी नुसती पोकळी, आणि इलेक्ट्रॉन. म्हणूनच बहुतेक कण वर्खातून सरळ पार होतात आणि अगदी नेमका मध्यावर चाल करून जाणाराच परततो. सोन्याच्या अणूचा हा गाभा अख्ख्या अणूच्या रुंदीच्या वीस हजाराव्या भागाएवढा भरतो, हे आज आपल्याला माहीत आहे. त्या निबंधात ‘केंद्रक’ हे नाव नव्हतं, आणि मधला प्रभार धन की ऋण हेही त्यानं उघडं ठेवलं होतं. हातात जेवढ्याचा पुरावा तेवढंच लिहायचं, हा बाणा मला त्याच्या तोफगोळ्यापेक्षा मोठा वाटतो.

यावरही फारसं कोणी लक्ष दिलं नाही. मग गायगर आणि मार्सडेन पुन्हा अंधारात जाऊन बसले. कोन वाढवत नेला तर ठिणग्या किती घटाव्यात, वर्ख जाड केला तर किती वाढाव्यात, कण मंद केले तर काय व्हावं, हे सगळं रदरफर्डच्या सूत्रानं आधीच सांगून ठेवलं होतं. दोघांनी एकेक ताडून पाहिलं. १९१३ साली निकाल छापला तोवर त्यांनी एक लाखाहून जास्त ठिणग्या मोजल्या होत्या. डोळ्यांनी. एकेक.

पुढची कथा वेगानं पळते. गाभ्याभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉननं जुन्या नियमांप्रमाणं ऊर्जा गमावत निमिषार्धात आत कोसळायला हवं, मग जग टिकलंय कसं? १९१२ मध्ये मँचेस्टरला आलेल्या नील्स बोरनं पुढच्या वर्षी याचं उत्तर दिलं, की इलेक्ट्रॉनला ठरावीक कक्षांतच राहायची परवानगी आहे. हायड्रोजनच्या प्रकाशात दिसणाऱ्या रंगरेषांचं जे सूत्र त्याच्या कामी आलं, ते १८८५ साली, म्हणजे त्याच्या जन्मवर्षी, बाझेलच्या मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या योहान बाल्मर नावाच्या मास्तरांनी नुसत्या आकड्यांशी खेळत शोधलं होतं. हेही आपल्याच जातकुळीतले! त्या कक्षाही पुढं १९२५-२६ च्या सुमारास पुसट होऊन त्यांच्या जागी शक्यतांचं धुकं आलं. बोधचिन्हांवर मात्र त्या तीन कड्या अजून फिरतायत.

मग महायुद्ध. प्रत्येक मूलद्रव्याला क्ष-किरणांच्या आधारे त्याचा खरा क्रमांक मिळवून देणारा हेन्री मोस्ली सत्ताविसाव्या वर्षी गॅलिपोलीत गोळी लागून गेला. गायगर जर्मन तोफखान्यात आणि मार्सडेन ब्रिटिश सैन्यात, पश्चिम आघाडीच्या दोन बाजूंना. सापाच्या सभेला हजर असलेला जेम्स चॅडविक नेमका गायगरकडं शिकायला बर्लिनला गेलेला. त्याला शत्रूदेशाचा म्हणून तबेल्यांच्या छावणीत कोंडलं. जर्मनीत तेव्हा थोरियम घातलेली टूथपेस्ट मिळायची. पठ्ठ्यानं तीच किरणोत्सारी द्रव्य म्हणून वापरून छावणीत प्रयोग मांडले. याच चॅडविकनं १९३२ मध्ये केंद्रकातला प्रभाररहित न्यूट्रॉन शोधला, आणि जागरणांनी इतका पिसला, की आता मला क्लोरोफॉर्म देऊन पंधरा दिवस झोपवा, असं मित्रांना म्हणाला. गायगरचं यंत्र तोवर, १९२८ साली, म्युलर या विद्यार्थ्याच्या मदतीनं पक्कं झालं होतं, आणि अंधारात बसणाऱ्यांची नोकरी हळूहळू संपली.

आणि रेडियमचं सांगायचं राहिलंच. मँचेस्टरला रदरफर्डकडं जे रेडियम होतं ते व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीनं त्याला उसनं दिलेलं होतं. युद्धात ऑस्ट्रिया शत्रू ठरल्यावर ती शत्रूची मालमत्ता झाली, सरकारजमा व्हायच्या लायकीची. कायद्यानं त्याला एक छदामही द्यावा लागला नसता. रदरफर्ड अडून बसला. युद्धानंतर व्हिएन्नात महागाईनं पैशाचा पाचोळा झालेला असताना त्यानं त्या रेडियमची किंमत त्यांना मिळवून दिली.