आत्याच्या गालातली जखम: बायोप्सीपासून शेवटच्या रेडिएशनपर्यंत

"तंबाखू खाता का?" या प्रश्नाला आत्याने तीन ठिकाणी "नाही" असंच उत्तर दिलं, आणि ती खोटं बोलत नव्हती. ती सकाळ-संध्याकाळ मिसरी लावायची. मिसरी म्हणजे भाजून काळा केलेला तंबाखूच, पण निफाड-सिन्नरकडच्या कितीतरी बायकांच्या लेखी ते दंतमंजन असतं. तेव्हा घरातल्या बाईला तपासायला नेलंत तर "दाताला काय लावता आणि दिवसातून कितीदा?" हा प्रश्न तुम्हीच डॉक्टरांसमोर काढा.

तोंडाच्या कर्करोगात उपचार कोणते करायचे हे बऱ्यापैकी ठरलेलं आहे. हातातून जातात ते मधले दिवस. नाशिकमध्ये आमचे कुठे गेले आणि कुठे वाचवता आले, ते सविस्तर लिहितो.

पहिले दिवस तोंडात लावायच्या जेलमध्ये (मलमात) गेले. दात टोचून जखम झाली असेल म्हणून एका दवाखान्यात अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. टोचणारा दात घासून घ्यावा, पंधरा दिवस वाट बघावी, हे बरोबरच. पण पंधरा दिवसांत जखम भरली नाही तर तिसरं औषध घ्यायचं नाही, बायोप्सी करायची. "दुखत नाही, म्हणजे साधं असेल" हा तर्क इथे उलटा पडतो, कारण सुरुवातीला ही जखम बहुधा दुखतच नाही. घरी बघायचं तर मोबाईलचा टॉर्च आणि चमच्याचा दांडा पुरतो. दांड्याने गाल बाहेर ओढा आणि गाल नि हिरडी यांच्यामधली खाच बघा. मिसरी किंवा तंबाखूची गोळी तिथेच बसते, म्हणून आपल्याकडे गाठही बहुतेक तिथेच धरते. मग जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालचा भाग. पुसून न जाणारा पांढरा चट्टा वाईट, मखमलीसारखा लाल चट्टा त्याहून वाईट. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जात नसतील तर सुपारीने आतली त्वचा आखडली असण्याची शक्यता मोठी. आणि सुजलेल्या हिरडीतला हलणारा दात तपासणीआधी उपटू देऊ नका, ती खाच मग भरत नाही आणि आजार किती खोल होता हेही कळेनासं होतं.

बायोप्सी म्हणजे भुलीचं एक इंजेक्शन, दहा मिनिटं, आणि मुगाच्या दाण्याएवढा तुकडा. "सुरी लावली की पसरतो" हे ऐकून माणसं महिनोन्महिने थांबतात. असं होत नाही. तुकडा जखमेच्या कडेचा हवा, मधला भाग बरेचदा मेलेला असतो आणि त्यातून निदान निघत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. आमची चूक पुढे झाली. तुकड्याची बाटली लॅबमध्ये आम्हीच नेऊन दिली, आणि तिच्यात फॉर्मॅलिनऐवजी (तुकडा टिकवणाऱ्या द्रवाऐवजी) सलाईन होतं. पेशी सडल्या, बायोप्सी पुन्हा करावी लागली, नऊ दिवस गेले. फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांत झोंबतो, सलाईनला वास नसतो. बाटली हातात मिळताच डॉक्टरांना विचारा की आत १० टक्के फॉर्मॅलिन आहे ना, आणि तुकड्याच्या दहापट तरी आहे ना. बाटलीवरचं नावही तिथेच वाचून घ्या.

अहवालात "स्क्वेमस सेल कार्सिनोमा, ग्रेड २" (म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग) असं आलं आणि घरात सगळे "दुसरी स्टेज, दुसरी स्टेज" म्हणू लागले. ग्रेड म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात ते. स्टेज ठरते गाठीचा आकार, खोली, हाडात शिरली का, मानेच्या गाठींत (लसिका ग्रंथींत) गेली का यावरून, आणि त्यासाठी चेहरा-मानेचा कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन केलेला स्कॅन) लागतो, जिभेची गाठ असेल तर बहुधा एमआरआय. कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघतात, म्हणून ते रक्त आदल्या दिवशीच द्या, नाहीतर स्कॅनची तारीख पुढे जाते.

हे चालू असताना कागदांचं काम हाती घ्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं, त्याला पहिल्याच दिवशी भेटा. घोळ होतो तो नावाचा, रेशनकार्डावर एक आणि आधारवर दुसरंच. नाशिकमधल्या शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात कर्करोगाचा विभाग आहे. मुंबईत परळला टाटा मेमोरियलला जायचं ठरवलंत तर पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसण्याआधी लॅबमधून बायोप्सीच्या स्लाईड आणि तुकडा बसवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या. तिथे ते पुन्हा तपासतात, नुसत्या अहवालावर काम होत नाही.

ऑपरेशनच्या वेळी नातेवाईक हमखास विचारतात, मानेला गाठ लागत नाही तर मान कशाला कापायची? टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या टप्प्यातच मानेच्या गाठी काढलेल्यांपैकी ३ वर्षांनी ८० टक्के हयात होते, गाठ दिसल्यावर काढलेल्यांपैकी ६७.५ टक्के. डॉक्टर मान सुचवत असतील तर ती वाचवायला भांडू नका.

नाकातून जेवणाची नळी घेऊन घरी आल्यावर खरी कसोटी असते, आणि ती शिकवायला वॉर्डात फार वेळ मिळत नाही. रुग्णाला टेकवून बसवायचं, देऊन झाल्यावरही निदान अर्धा तास बसतं ठेवायचं. दर दोन-अडीच तासांनी साधारण २०० मिली, नळी उंच धरून आपोआप उतरू द्यायचं, पिचकारीने रेटायचं नाही. आधी आणि नंतर ३० मिली पाणी. वरणाचं पाणी, दूध, शिजवलेलं अंडं, नाचणीची पेज, सगळं मिक्सरमधून काढून दोनदा गाळायचं. नळी तुंबते ती बहुतेक जाडसर कुटलेल्या गोळीने, म्हणून पातळ औषध मिळतं का ते विचारा. नाकाशी नळीवर पेनाने खूण करून ठेवा. खूण बाहेर सरकलेली दिसली किंवा देताना खोकला आला तर लगेच थांबा आणि नळी तपासून घ्या.

ऑपरेशननंतर रेडिएशन, वॉर्डातल्या भाषेत 'लाईट', सांगितलं असेल तर ते सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. इथे अडतं ते दातांवर. किडके दात आधी काढावे लागतात आणि हिरडी भरायला दहा ते चौदा दिवस लागतात, कारण रेडिएशननंतर त्याच भागातला दात काढला तर जबड्याचं हाड मरू शकतं. म्हणून दातांची तपासणी ऑपरेशनच्याही आधी उरका. आत्याला ६० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं एकक) होते, रोज २ याप्रमाणे ३० वेळा, सोमवार ते शुक्रवार. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा, दर दोन तासांनी गुळणी, तीही न गिळता. याच दिवसांत माणसं "लग्न आहे, आठवडाभर थांबतो" म्हणतात. थांबू नका, खंड पडला की उरलेल्या पेशी वाढायला लागतात. वजन दर आठवड्याला करा. उतरलं की किरणं देताना डोकं हलू नये म्हणून बसवलेला चेहऱ्याचा मास्क सैल होतो आणि किरणांचा नेम चुकतो, मग मास्क नव्याने करावा लागतो.

जबडा आखडू नये म्हणून आईस्क्रीमच्या काड्या. रबर लावून गठ्ठा करायचा, मागच्या दातांमध्ये हळूच सरकवायचा, अर्धा मिनिट धरायचा, दिवसातून पाच-सहा वेळा. आत्याच्या नऊ काड्या बसत होत्या, आता चौदा बसतात. पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी दाखवायला जायचं, आणि मानेवर किरणं पडल्यामुळे थायरॉईडची टीएसएच तपासणी दर सहा-बारा महिन्यांनी करायची. ती बरेचदा राहून जाते. थकवा आणि सूज आली की घरचे कर्करोग परत आला म्हणून घाबरतात, आणि निघतं ते थायरॉईड.